रातांब्याच्या बियांपासून भेगांसाठी कोकमतेल घरी काढता येतं का?

रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ (मिठातला रस) आणि आमसुलं करून झाल्यावर बियांचा ढीग उरलाय, तो उकिरड्यावर टाकण्याऐवजी टाचांच्या भेगांसाठी काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. टाकाऊ साली-देठांच्या घरगुती औषधांबद्दल पुष्कळ अघळपघळ लिहिलं जातं, पण कोकमतेलाचा उपयोग खरा आहे. गोव्याकडे, मालवणीत याला भिरंडेल म्हणतात.

आधी हिशेब सांगतो, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतील. १ किलो कडक वाळलेल्या बिया फोडल्या की साधारण ६०० ग्रॅम आतला गर निघतो. गरात ४० टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो, पण घरी उकळून तो सगळा सुटत नाही. किलोमागे १५० ते २०० ग्रॅम तेल मिळालं तर काम चांगलं झालं असं समजा. भेगांना लावायला एवढं घरातल्या सगळ्यांना वर्षभर पुरतं.

बिघडतं ते बहुतेक सुरुवातीलाच. ओल्या बिया बादलीत दोन दिवस तशाच राहिल्या की त्यांना चिकटलेल्या फळाच्या गराला फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि बुरशी धरते. त्या बियांचं तेल तपकिरी आणि उग्र वासाचं होतं, मग ते कितीही गाळा. म्हणून बिया वेगळ्या केल्या त्याच दिवशी धुवा. रोवळीत घालून हाताने चोळून चोळून वरचा फळाचा चिकट गर काढा, तीन-चार पाणी बदला. आगळासाठी मिठात मुरवलेल्या बिया असतील तर आणखी दोन पाणी जास्त घ्या. मीठ राहिलं तर ते ओलाव्यासकट तेलात उतरतं आणि भेगेत झोंबतं.

मग कडक उन्हात एका थरात पसरा, रोज उलथापालथ करा. पाच ते सात दिवस लागतात. बी कानाशी धरून हलवली की आतला गर खुळखुळला पाहिजे. पाऊस तोंडावर असेल तर अर्धवट वाळलेल्या बिया डब्यात भरू नका, पावसाळ्यात त्या हमखास बुरसतात. खडखडीत वाळलेल्या मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दिवाळीनंतर सवडीने तेल काढलं तरी चालतं. थंडीत काम सोपंही जातं, कारण तेल लवकर थिजतं.

टरफल फोडायला लाकडी दांडका किंवा बत्ता हलक्या हाताने चालवा, सुपात पाखडून टरफलं काढा. काळपट पडलेला किंवा किडलेला गर निवडून बाजूला करा. आता गर वाटायचा. मिक्सरमध्ये कोरडा फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटून गोळा होतो आणि पातं अडकतं. म्हणून आधी थांबत थांबत भरड करा, मग पाणी घालून खोबऱ्याच्या वाटणापेक्षाही बारीक वाटा. बोटांत चोळल्यावर कण लागायला नको. भरड राहिलेला गर कितीही उकळा, तेल सोडत नाही. कमी तेल निघाल्याच्या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

५०० ग्रॅम गराच्या वाटणाला २ लिटर पाणी घ्या. भांडं स्टीलचं आणि मिश्रण अर्ध्यापर्यंतच येईल एवढं मोठं, कारण फेस वर येतो. लोखंडी कढईत रंग काळवंडतो आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबटपणामुळे कळकतं, त्यामुळे दोन्ही नको. उकळी फुटेपर्यंत तळापासून ढवळत राहा, नाहीतर गाळ खाली लागतो आणि करपट वास तेलात जातो. उकळी आली की आच मंद करा आणि सव्वा तास नुसतं हळूहळू उकळू द्या. पाणी आटलं तर गरमच पाणी घाला. मोठ्या आचेवर खळखळा उकळलं तर तेल, पाणी आणि गाळ एकजीव होऊन पांढरट लगदा होतो, मग तेल वेगळं व्हायला फार वेळ लागतो. नीट उकळलं की वर पिवळसर, पारदर्शक तेलाचे डोळे दिसतात आणि हळूहळू त्यांचा सलग थर होतो.

आता पळीने तेल काढत बसू नका. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि भांडं रात्रभर हलवू नका. सकाळी वर चकती थिजलेली असते. ती सुरीने कडेने सोडवून उचला. खालच्या अंगाला तपकिरी गाळ चिकटलेला असतो, तो खरवडून टाका. उरलेल्या चोथ्यात १ लिटर पाणी घालून पुन्हा अर्धा तास उकळलं की आणखी थोडं तेल निघतं. त्यानंतरचा चोथा खतात घाला, टरफलं चुलीला किंवा बंबाला जळण म्हणून चांगली.

चकती दिसायला तयार वाटली तरी तिच्यात पाणी असतं. तशीच ठेवली तर महिन्याभरात वास येतो. कोरड्या भांड्यात मंद आचेवर वितळवा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि पुन्हा चुलीवर ठेवा. तडतड पूर्ण थांबली की पाणी गेलं. धूर निघेपर्यंत तापवू नका. कोमट आणि मऊ झालं की हाताने मुठीएवढे गोळे वळा किंवा वाटीत ओतून थिजवा. कोरड्या डब्यात वर्षभर सहज टिकतं. ओला चमचा मात्र घालू नका.

हे तेल सुमारे ४० अंशांना वितळतं, म्हणून आपल्या घरांत ते घट्टच राहतं. दुकानात ‘कोकमतेल’ म्हणून वाहतं तेल मिळालं तर त्यात दुसरं तेल आहे हे ओळखा. या घट्टपणामुळेच ते भेगेत टिकून राहतं. पण ते कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही एवढंच. म्हणून कोरड्या टाचेवर चोपडून फारसा उपयोग होत नाही. आधी पाय कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं भिजवा, वजरीने हलकेच घासा, टिपून लगेच तेल लावा. पळीत सुपारीएवढा तुकडा जेमतेम वितळेल इतकाच गरम करा आणि मनगटावर बघून मग भेगांत भरा. चुलीवरून थेट ओतलेलं तेल भाजतं. वर सुती मोजे घालून झोपा. मोजे न घालता फरशीवर चालू नका, पाय घसरतो. आठ-दहा रात्री सलग केल्यावर फरक दिसायला हवा.

ओठांसाठी नुसतं तेल जड वाटतं. थंडीत कोकमतेल आणि खोबरेल समभाग घ्या, उन्हाळ्यात कोकमतेल दोन भाग आणि खोबरेल एक भाग. मिश्रण हळूहळू थिजलं तर रवाळ होतं. म्हणून वाटी गार पाण्यात धरून ढवळत थिजवा.

मधुमेह असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, तर घरचे उपाय न करता डॉक्टरांना दाखवा. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, खाजरी कातडी असेल तर ती बुरशी असते, तिथे हे तेल लावू नका. ताज्या भाजलेल्या जागेवरही नको. हगवणीवर भिरंडेल द्यायची जुनी पद्धत आहे, पण जुलाबात आधी मीठ-साखरेचं पाणी, त्याची जागा तेल घेत नाही.

याच मोसमात आंब्याच्या कोयीही साठतात, म्हणून पुढचा प्रश्न येईल. कोयीतल्या गरातही असंच घट्ट तेल असतं, आणि युरोपात चॉकलेटमध्ये घालायला परवानगी असलेल्या सहा वनस्पती तेलांत कोकम आणि कोय दोन्ही आहेत. पण कोयीत तेलाचं प्रमाण फारच कमी, साधारण १० टक्क्यांच्या आसपास, आणि पिष्ट भरपूर. उकळलं की खळ होते आणि तेल तिच्यातच अडकतं. कोयी त्यापेक्षा रुजवा किंवा खतात जाऊ द्या.