दिवसाआडचं पाणी : वाचकांचे प्रश्न

नवं पाणी आलं की आमच्याकडे आदल्या दिवशीचं 'शिळं' म्हणून ओततात. ते खरंच खराब होतं का? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नाही. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात नळाचं पाणी दोन-तीन दिवस सहज टिकतं. ते बिघडतं तांब्या आणि बोटं बुडवल्यानं. पिंपाला तोटी बसवा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. शिळं वाटलंच, तर फरशी पुसायला घ्या, मोरीत ओतू नका.

मात्र कोणतंही भांडं आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायलाच हवं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी, भांड्याच्या कडेला चिकटतात. नुसतं पाणी बदललं तर ती तशीच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. आणि पाणी साठवणं फक्त उन्हाळ्यापुरतं नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरात उपसा केंद्रंच बुडाली आणि पंचगंगा दुथडी वाहत असताना शहराचे नळ कोरडे होते.

चौघांचं घर आहे. आंघोळ एका बादलीवर आणली, तरी टाकी पुरत नाही. (राजारामपुरी)

मग फ्लश बघा. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. चौघांनी दिवसात पाच-पाच वेळा ओढली की दोनशे लिटर गेले. त्यापुढे आंघोळीतली काटकसर किरकोळच.

आधी गळती तपासा. फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. संडासाच्या भांड्यात निळा रंग उतरला, तर तळाचा वॉशर गेला आहे. वरच्या ओव्हरफ्लो नळीतून पाणी वाहत असेल, तर दोष बॉल कॉकचा. त्याचा फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा, खाली घ्या.

गळती नसेल, तर पाणी भरलेली लिटरची बाटली फ्लोटला अडणार नाही अशी टाकीत उभी करा. वीट नको, ती झिजून वॉशरखाली कचरा बसतो. बाटलीमुळे दोनदा फ्लश करावा लागत असेल, तर काढून टाका.

कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीनं थेट भांड्यात, एका दमात ओता. टाकीत भरलंत, तर साबणाचा थर वॉशर खातो. हे पाणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी वास मारतं.

टँकरचं पाणी प्यावं का? (कसबा बावडा)

थेट नाही. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता, तासभर थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या. गाळातच क्लोरीन खर्ची पडतो. पुडा उघडा राहिला असेल, तर त्या पावडरीत दम उरलेला नसतो. प्यायचं पाणी शिवाय उकळून घ्या.