ड्रॅगनफ्रुटच्या फांद्या पिवळ्या पडताहेत : आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहा, मग औषधाचे बोला

प्रश्न : ड्रॅगनफ्रुटची बाग दोन-तीन वर्षांची आहे. मार्चपासून फांद्या पिवळ्या पडायला लागल्या, एप्रिलमध्ये काही ठिकाणी पांढरट चट्टे आले. दुकानदाराने बुरशी आहे असे सांगून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले विद्राव्य खत), टॉनिक आणि बुरशीनाशक एकत्र फवारायला दिले. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. पिवळ्या फांद्या छाटून टाकाव्यात का? (सांगोला, जत, आटपाडी, इंदापूर या भागांतून आलेले सारखेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.)

उत्तर : छाटू नका. तिसरी फवारणीही करू नका. आधी बागेत दक्षिणोत्तर ओळीने चालत जा आणि प्रत्येक पोलच्या, म्हणजे झाडे चढवलेल्या खांबाच्या, दोन्ही बाजू पाहा. पिवळेपणा पश्चिम आणि नैऋत्य बाजूला, पोलच्या माथ्यावरच्या रिंगवरून खाली वाकलेल्या फांद्यांच्या पाठीवर असेल आणि पूर्वेची बाजू हिरवी असेल, तर फांद्या उन्हाने करपल्या आहेत. बुरशी दिशा बघून येत नाही. मार्च ते मे या काळात आलेल्या बहुतेक तक्रारी याच असतात आणि यातल्या बहुतेक बागांत बुरशीनाशक आधीच मारलेले असते.

निवडुंग आहे म्हणजे कितीही ऊन सोसेल, हा समज सोडा. हे मूळचे मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारे, अर्ध्या सावलीत वाढणारे निवडुंग आहे. तापमान ३८ ते ४० अंशांच्या वर गेले आणि हवा कोरडी असली की उन्हाकडची साल आधी फिकट, मग पिवळी, शेवटी गवती पांढरी होते. पिवळी पण दाबल्यावर टणक लागणारी फांदी सावली आणि पाऊस मिळाल्यावर पुन्हा हिरवी होते. पांढरी होऊन वाळलेली साल परत येत नाही, तरी तीही मे महिन्यात कापू नका. ती आतल्या हिरव्या फांद्यांवर सावली धरून आहे. बाहेरची कापली की दहा दिवसांत आतली करपते.

आता फवारणीबद्दल. पिवळे दिसले की नत्र कमी, असे दुकानात ठरवले जाते आणि युरिया किंवा विद्राव्य खत हातात दिले जाते. ४० अंशांत लिटरला १० ग्रॅम विद्राव्य खत मारले तर करपलेल्या सालीवर क्षार सुकतात आणि चट्टा वाढतो. मुळांतून युरिया दिला तर कोवळी, पाणीदार फूट येते. तीच आधी करपते, आणि जूनमध्ये तीच आधी सडते. जानेवारीनंतर पाऊस स्थिरावेपर्यंत युरिया बंद, फवारणीतूनही बंद. ताम्रयुक्त बुरशीनाशक भर उन्हात मारले तर ते स्वतःच साल जाळते. आणि एका पंपात तीन-तीन औषधे मिसळू नका. नुकसान झाले तर कशाने झाले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, दुकानदारालाही नाही.

यंदा राहिलेल्या उन्हाळ्यासाठी केओलिन, म्हणजे ऊन परतवणारी पांढऱ्या मातीची भुकटी, वापरा. ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम. आधी बादलीत पातळ करून फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबते. स्टिकर (फवारा चिकटून राहावा म्हणूनचे द्रावण) घाला, पंप हलवत राहा, नाहीतर केओलिन तळाशी बसते. पश्चिम बाजू आणि रिंगवरचा वाकलेला भाग पांढरा दिसेपर्यंत भिजवा. फवारणी संध्याकाळी करा. खरी वेळ फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला आठवडा आणि दुसरी फेरी २५ ते ३० दिवसांनी. करपल्यावर मारलेले केओलिन उरलेल्या फांद्या वाचवते, करपलेल्या दुरुस्त करत नाही. अवकाळीने धुऊन गेले तर पुन्हा मारा. कळ्या दिसू लागल्या की थांबा.

शेडनेट परवडत असेल तर ३५ टक्क्यांची जाळी पुरे. ७५ टक्क्यांची स्वस्तात मिळाली म्हणून बांधू नका, फांद्या बारीक आणि लांबट होतात. पाऊस सुरू झाला की जाळी काढा. ती तशीच ठेवली तर कळ्या कमी लागतात.

पण जाळीपेक्षा शेवरी लावा, हा आमचा आग्रह आहे. मिरज भागातल्या पानमळ्यांत शेवरी, हादगा, पांगारा यांच्या सावलीत पानवेल पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा काढते. तीच रीत इथे चालते. जून-जुलैत पोलच्या पश्चिमेला तीन फुटांवर शेवरीचे बी टोका, दोन रोपांत दोन ते अडीच फूट ठेवा. मार्चपर्यंत झाड पोलच्या वर जाते आणि दुपारनंतरचे ऊन अडते. जूनच्या सुरुवातीला ती कमरेइतकी छाटा आणि पाला गादीवाफ्यावर पसरा. खोडापासून मात्र चार बोटे जागा मोकळी सोडा. यात एकच अट आहे. मुळे उकरून पाहा, त्यांवर सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या) गाठी असतील तर शेवरी लावू नका, ती सूत्रकृमी वाढवते. तिथे जाळीच बांधा. नवीन लागण फेब्रुवारी ते मे या काळात करूच नका, रोपवाटिकेवाला काहीही म्हणो.

आता एका दिशेपुरता नसलेला पिवळेपणा.

सगळे झाड फिकट, बुडखा मऊ आणि मुळे तपकिरी, वास मारणारी असतील तर पाणी जास्त झाले. मुळे वरच्या अर्ध्या-एक फुटातच असतात, तिथे वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही, टिकला पाहिजे. चार ते सहा इंचांवरची माती मुठीत दाबा. गोळा टिकला तर ठिबक चालू करू नका. फांदी बारीक, कडा आत ओढलेल्या पण टणक असेल तर मात्र तहान आहे, पाणी द्या. पाणी संध्याकाळी द्या, या झाडाची पर्णरंध्रे (सालीवरची सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात. ‘उन्हाळा आहे, रोज दोन तास सोडा’ हा सल्ला मुरमाड जमिनीतही ऐकू नका. काळ्या जमिनीत एक ते दीड फूट उंच गादीवाफा नसेल तर औषधाचा खर्च वाया आहे. आधी चर काढा.

फक्त नवी फूट पिवळी आणि जुन्या फांद्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या, सामू (पीएच) ८ च्या वरच्या जमिनीत हे दिसते. इथे दुकानात फेरस ईडीटीए (लोहाचे एक विद्राव्य, चिलेटेड रूप) देतात. अशा जमिनीत आळवणीतून, म्हणजे बुडाशी ओतून, ते टिकत नाही, पैसे मातीत जातात. ईडीडीएचए स्वरूपातले लोह मागा, पोलला ५ ते १० ग्रॅम पाण्यात विरघळवून ओल असताना आळवणी करा. दुप्पट दिले म्हणून लवकर हिरवे होत नाही. माती परीक्षणाचा अहवाल नसेल तर हेही घेऊ नका.

पाऊस पडल्यावर पिवळा भाग पाणीदार होऊन घाण वास आला, गर गळून मधली काडीच उरली, तर ती जिवाणूजन्य सड आहे. उन्हाळ्यात करपलेल्या जागेतूनच ती शिरते, म्हणून वर केओलिनवर एवढे लिहिले. दोन-तीन दिवस उघडीप बघून सडक्या भागाच्या खाली निरोगी भागात अर्धा फूट घेऊन कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवा. प्रत्येक झाडानंतर नाही, प्रत्येक कापानंतर. कापलेल्या तोंडाला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ग्रॅम, एकट्याने, संध्याकाळी. गरज पडली तर १२ ते १५ दिवसांनी एकदा, त्यापुढे नाही. ‘जास्त डोस घाला, लवकर थांबेल’ असे सांगितले जाते. थांबत नाही, आतली सड बाहेरून मारलेल्या औषधाने थांबतच नाही, ती कापूनच काढावी लागते. अँटिबायोटिकच्या पुड्यांवर पैसे घालू नका. कापलेल्या फांद्या बांधावर टाकल्या तर पुढच्या पावसात रोग परत बागेत येतो. खड्ड्यात पुरा.

बारीक खोलगट नारिंगी ठिपके, पुढे तपकिरी खपली आणि तिच्यावर काळे कण, हा खोडावरचा कँकर. ही बुरशीच आहे. उपाय वरचाच, पण ठिपके थोडे असतानाच.

अनुदान : एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून लागवडीला ४० टक्के, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, रक्कम हप्त्यांनी. पुढचा हप्ता किती झाडे जिवंत आहेत यावर ठरतो, म्हणून मेलेल्या झाडांच्या जागा रिकाम्या ठेवू नका. चालू वर्षाची खर्चमर्यादा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून घ्या.

पुढचा प्रश्न पाठवताना एका पिवळ्या फांदीचा फोटो पुरत नाही. त्याच पोलचे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून असे दोन फोटो, बुडख्याचा एक, मागच्या पंधरवड्यात पाणी किती वेळ सोडले ते, आणि मारलेल्या प्रत्येक औषधाच्या डबीवरचे लेबल पाठवा. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलेले नाव नको.