कोर्टवर उभं राहायला मिळेल तिथे जा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली, दोन्ही ऑफर लेटरं सावकाश वाचली. एक इथल्या, अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमबरोबर ग्रॅज्युएट मॅनेजरचं काम, आणि दुसरं त्या आडगावच्या डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट कोचचं. मास्टर्सची फी दोन्हीकडे माफ. ताईला पहिलं हवंय, हे तू लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं. तिथली जर्सी टीव्हीवर दिसते. माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते, दुसरं घे. पटलं नाही तर फोनवर भांड.

मोठ्या ठिकाणी शिकायला मिळत नाही असं नाही. पण तिथे हेड कोच, तिच्या हाताखाली असिस्टंट, व्हिडिओ कोऑर्डिनेटर, प्रवासाचं बघणारी वेगळी व्यक्ती अशी मोठी उतरंड असते. कोर्टवर कुणी शिकवायचं, खेळाडूंच्या भरतीसाठी बाहेर कुणी फिरायचं याचे एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचे, कडक नियम आहेत आणि मॅनेजरच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही. तू दोन वर्षं टॉवेल, बॉल आणि क्लिपा सांभाळशील. बायोडेटा झकास दिसेल, पण पुढच्या मुलाखतीत ‘तू काय शिकवलंस?’ असं विचारलं की अडखळशील.

लहान कॉलेजात हेड कोच आणि तू, फार तर एखादी अर्धवेळ असिस्टंट. म्हणजे पहिल्याच महिन्यात स्काउट, म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास, तुझ्या गळ्यात पडणार. बुधवारी मॅच असेल तर रविवारी समोरच्या टीमचे व्हिडिओ काढून बसायचं. त्यांची खेळ चालवणारी पॉइंट गार्ड पिक-अँड-रोलवर, म्हणजे साथीदाराची आड घेऊन, डावीकडे वळते की उजवीकडे, बास्केटजवळ, पोस्टमध्ये उभ्या मुलीवर दोघी धावून गेल्या की ती बॉल कुणाकडे फेकते, टाइमआउटनंतर बेसलाइनवरून कुठला प्ले, म्हणजे ठरवलेली चाल, येतो, हे सगळं टिपायचं. मग क्लिपा कापायच्या आणि पंधरा मिनिटांत बसवायच्या, कारण त्यापुढे मुलींचं लक्ष फोनकडे जातं. सोमवारी तेच कोर्टवर उभं करायचं. इथे मुलींच्या टीमसमोर सरावाला पुष्कळदा कॉलेजातले मुलगे येतात, त्यांना समोरच्या टीमचे प्ले तूच शिकवायचे. एखादा सहा फुटी केमिस्ट्रीचा विद्यार्थी त्यांची ‘चोवीस नंबर’ होतो आणि मोठ्या इमानदारीने दर वेळी डावीकडेच जातो. बुधवारी खरी चोवीस नंबर उजवीकडे जाते, लागोपाठ तीन थ्री-पॉइंटर मारते, आणि टाइमआउटमध्ये हेड कोच मान वळवून तुझ्याकडे बघते. तेव्हा तीस सेकंदांत काय सांगायचं, ते व्हिडिओ रूममध्ये बसून येत नाही.

टेनेसीची नावाजलेली कोच पॅट समिट, तिच्यासारखं व्हायचंय असं तू लिहिलंस. चांगलंय, पण तिची सुरुवात नीट बघ. १९७४ मध्ये ती टेनेसी विद्यापीठात आली तीही ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच. आधीची कोच बाजूला झाली आणि २२ वर्षांच्या पोरीच्या हातात अख्खी टीम आली. पगार महिना २५० डॉलर. व्हॅन स्वतः चालवायची, गणवेश स्वतः धुवायचे. शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना समान संधी देणारा टायटल नाइनचा कायदा १९७२ चा, म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा. एनसीएएची मुलींची स्पर्धा तर १९८२ मध्ये सुरू झाली. पॅटची पहिलीच मॅच मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८४-८३ अशी, एका गुणाने गेली. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९८७ मध्ये, तेराव्या सीझनला. एकूण १०९८ विजय आणि आठ विजेतेपदं सगळ्यांना पाठ असतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली.

आता २२ व्या वर्षी तशी टीम कुणी हातात देणार नाही. पैसा आलाय, साउथ कॅरोलिनाची कोच डॉन स्टेली हिचा करार २०२५ मध्ये वर्षाला ४० लाख डॉलरचा झाला. पैसा आला की धीर आटतो. पण याच स्टेलीचा साउथ कॅरोलिनातला पहिला सीझन १० विजय आणि १८ पराभवांचा होता, आणि २०२४ मध्ये तिच्याच टीमने ३८-० असा सीझन खेळून तिसरं विजेतेपद घेतलं. तारा व्हॅनडर्व्हीर ही दुसरी मोठी कोच १९८५ मध्ये ओहायो स्टेटमधली जमलेली गाडी सोडून स्टॅनफर्डला गेली. पहिलं वर्ष १३-१५, दुसरं १४-१४, आणि पाचव्या सीझनला विजेतेपद. या दोघींना वेळ देणारं कुणीतरी वर बसलेलं होतं. म्हणून नोकरी घेताना त्या खुर्चीवर आधी कोण होतं, किती वर्षं टिकलं आणि का गेलं, हे शोधून काढ. हेड कोचच खुर्ची राखण्याच्या धास्तीत असेल, तर तुला कोर्टवर चुका करायला कोण देणार?

आपल्याकडे कॉलेजात एकच शारीरिक शिक्षण संचालक कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, सगळं बघतात. संघ महिनाभर आधी जमतो, आंतरविद्यापीठ स्पर्धा झाली की पांगतो. इथे हा वर्षभराचा धंदा आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ मुली आणण्यात व टिकवण्यात जातो. हायस्कूलच्या जिममध्ये थंडगार बाकावर बसून सोळा वर्षांच्या पोरीचं बचावातलं पाऊल बघायचं. ती शॉट हुकल्यावर कुणाकडे रागाने बघते, हेही बघायचं. मी तर बेंचवर बसवल्यावर मुलगी काय करते, ते आधी बघायचे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, त्यामुळे तुझ्या हातात पैसा नसतो. आई-वडिलांशी बोलणं आणि दिलेला शब्द, एवढंच भांडवल. तिथे भरती जमली तर कुठेही जमेल. वरच्या पातळीवर ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी आहे, २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव जाहिरातींना वगैरे वापरू देऊन पैसे कमावता येतात. सीझन संपला की आपल्याच मुलींना नव्याने विनवायचं. त्यावर रडणारे जुने कोच मला आवडत नाहीत. कोच हवं तेव्हा कॉलेज बदलतात, मग मुलींनी का नाही?

आता व्हिसाचं, कारण हे तुला कुणी कोच सांगणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. बास्केटबॉल २० तासांत मावत नाही. लहान ठिकाणी माणसं प्रेमळ असतात आणि प्रेमाने ‘जरा थांबशील का’ म्हणतात. तास कागदावर मांडून घे आणि शनिवारचे बसप्रवास कसे धरणार ते रुजू होण्याआधी विचार. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे आपल्या विषयात नोकरी करण्याच्या परवानगीचं, एक वर्ष मिळतं, आणि कॉलेज-विद्यापीठांच्या नोकऱ्यांसाठी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नशीब आजमावावं लागत नाही, हा या क्षेत्राचा कुणी न बोललेला फायदा. पण हे नियम बदलत राहतात. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार. मला नको आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तर मुळीच नको.

लहान कॉलेजच्या कोचशी पुढच्या आठवड्यात बोलशील तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट विचार: सीझनमधले किती स्काउट माझे असतील, आणि प्रॅक्टिसचा कुठला भाग रोज मी घेणार? ‘बघू, जमेल तसं’ असं उत्तर आलं तर माझा सल्ला रद्द समज आणि खुशाल मोठ्या ठिकाणी जा. ताईशी मी बोलते.

रविवारी फोन कर. तोवर त्या टीमच्या गेल्या सीझनच्या दोन हरलेल्या मॅचेस शोधून बघ. चौथ्या क्वार्टरमध्ये मॅच हातची जाताना ती कोच बेंचवरच्या मुलींशी आणि आपल्या असिस्टंटशी कशी वागते, ते मला सांग.

तुझी,
मावशी