संगणक-शंका : वर्डमधले अनुक्रमांक का बिघडतात?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची होती : कागदपत्रातले अनुक्रमांक मधूनच उडी मारतात, पुन्हा १ पासून सुरू होतात किंवा नको तिथे आपोआप उमटतात. म्हणून या अंकाचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरांतील सूचना मायक्रोसॉफ्ट वर्डसाठी आहेत; शेवटचे उत्तर लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी आहे.

प्रश्न : मी जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयासमोरच्या एका वकील साहेबांच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करते. दावे आणि लेखी कैफियती तयार करताना जुन्या फाइलमधले काही पॅरे नव्या मसुद्यात घ्यावे लागतात. ते घेतले की सतराव्या पॅऱ्यानंतर एकदम १ येतो. तो दुरुस्त केला की पुढे आणखी कुठेतरी बिघडते. शिवाय मजकुरात ‘वर पॅरा ८ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ असे जे उल्लेख असतात, ते मधे एखादा पॅरा वाढला की चुकीचे ठरतात. साहेब प्रत्येक वेळी सगळे आकडे हाताने टाकायला सांगतात. दुसरा उपाय नाही का?

— टंकलेखिका, नाशिक

उत्तर : आपल्या कामात हा दोष वरवरचा मानता येणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६, रूल २ नुसार कैफियतीचे आवश्यकतेप्रमाणे परिच्छेद पाडून त्यांना ओळीने क्रमांक द्यावे लागतात, आणि समोरचा पक्ष उत्तर देतो तेही पॅरा क्रमांकानुसारच. आपल्या मसुद्यात दोन ‘पॅरा ३’ राहिले, तर नाकबूल केलेले विधान नेमके कोणते, यावरच वाद उभा राहू शकतो. त्यामुळे साहेबांचा आग्रह काळजीपोटी आहे हे मान्य. पण हाताने आकडे टाकणे हा त्यावरचा योग्य इलाज नव्हे, कारण मसुदा पाच वेळा बदलला की पाच वेळा आकडे बदलावे लागतात आणि सहाव्या वेळी एखादा राहून जातो.

बिघाडाचे कारण असे आहे. वर्डच्या यादीतला आकडा त्या परिच्छेदात लिहिलेला नसतोच. २००७ च्या आवृत्तीपासून वर्डची फाइल ही आत अनेक लहान फाइली असलेली एक झिप असते, आणि क्रमांकनाचे नियम त्यातल्या एका वेगळ्या फाइलमध्ये राहतात. परिच्छेदाजवळ असते ती फक्त एवढी नोंद, की ‘मी अमुक यादीचा, अमुक पातळीवरचा घटक आहे’. पडद्यावर दिसणारा आकडा वर्ड त्या नोंदीवरून मोजून काढतो. जुन्या फाइलमधला पॅरा चिकटवला की तो स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो, आणि वर्डच्या हिशेबात त्या यादीतला तो पहिलाच घटक असल्यामुळे त्याला १ मिळतो. राइट-क्लिक करून आपण ‘रीस्टार्ट ॲट वन’ किंवा ‘कंटिन्यू नंबरिंग’ निवडता तेव्हा यादी तिथे तुटते किंवा जोडली जाते, आणि तिच्या मागून येणाऱ्या परिच्छेदांवरही त्याचा परिणाम होतो. अशी डागडुजी वीस ठिकाणी झालेली फाइल एका जागी हात लावताच दुसऱ्या जागी बिघडते, ती यामुळेच.

हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येईल. सतराव्या पॅऱ्याच्या आकड्यावर एकदाच क्लिक करा. मजकूर निवडला जाणार नाही, पण त्या यादीतले त्याच पातळीचे सगळे आकडे करडे होतील. करडेपणा जिथे थांबतो, तिथे यादी संपली. खालच्या चुकीच्या १ वर क्लिक केलेत, तर तेवढाच दुसरा गट करडा होईल. कोणत्याही दुरुस्तीआधी ही तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मसुद्यात दोन याद्या आहेत की सात, हे कळल्याशिवाय केलेला उपाय अंदाजपंचे ठरतो.

तातडीचे काम असेल तर चुकीच्या आकड्यावर राइट-क्लिक करून ‘कंटिन्यू नंबरिंग’ निवडावे. त्याने जमले नाही, तर वरच्या बरोबर असलेल्या पॅऱ्यात कर्सर ठेवून ‘फॉरमॅट पेंटर’ घ्यावा आणि बिघडलेल्या पॅऱ्यांवरून फिरवावा. म्हणजे ते पॅरे वरच्या यादीत सामील होतात.

कायमचा उपाय मात्र स्टाइलचा आहे. स्टाइल म्हणजे फाँट, समास, क्रमांक अशा मांडणीच्या नियमांचा नाव दिलेला संच. ‘होम’ टॅबवर ‘मल्टिलेव्हल लिस्ट’च्या बाणाखाली ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’ उघडा आणि खालचे ‘मोअर’ बटण दाबा. डावीकडे पातळी १ निवडून ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’समोर ‘लिस्ट नंबर’ ही स्टाइल द्या. पोटपॅरे लागत असतील तर पातळी २ ला ‘लिस्ट नंबर २’ द्या. समास आणि आकड्यापासूनचे अंतरही याच खिडकीत ठरवा, वरच्या पट्टीवरच्या खुणा ओढून ठरवू नका. यापुढे क्रमांक हवा असलेल्या प्रत्येक पॅऱ्याला क्रमांकाचे बटण न दाबता ‘लिस्ट नंबर’ ही स्टाइल द्यायची. सगळे पॅरे एकाच स्टाइलचे, म्हणून एकाच यादीचे राहतात. अशी कोरी फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करून ठेवली, की पुढच्या प्रत्येक दाव्याची सुरुवात तिथूनच करता येते.

जुन्या फाइलमधून पॅरे घेताना एक काळजी घ्यावी. ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवणे चांगलेच, पण तसे केल्यावर जुने आकडे साधी अक्षरे होऊन मजकुरात येतात आणि मग ‘१८. ३.’ असा दुहेरी क्रमांक दिसू लागतो. म्हणून जुन्या फाइलची प्रत काढून तिच्यातले हवे ते पॅरे निवडावेत, क्रमांकाचे बटण दाबून त्यांचे आकडे काढून टाकावेत, मग ते नकलून नव्या मसुद्यात चिकटवावेत आणि स्टाइल द्यावी.

आता ‘पॅरा ८ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’बद्दल. तो ८ टाइप करूच नये. ‘रेफरन्सेस’ टॅबवरील ‘क्रॉस-रेफरन्स’मध्ये ‘नंबर्ड आयटम’ निवडला की सगळ्या क्रमांकित पॅऱ्यांची यादी समोर येते. त्यातला हवा तो पॅरा निवडून ‘पॅराग्राफ नंबर’ घालावा. पुढे पॅरे वाढले किंवा वरखाली झाले, की कंट्रोल-ए दाबून एफ-९ दाबावे. मजकुरातले सगळे उल्लेख नव्या क्रमांकांप्रमाणे बदलतात. लॅपटॉपवर एफ-९ बरोबर ‘एफएन’ही दाबावे लागू शकते. उल्लेख ज्या पॅऱ्याचा आहे तोच कोणी खोडला असेल, तर त्या जागी ‘एरर’ने सुरू होणारे इंग्रजी वाक्य उमटते. म्हणून एफ-९ दाबल्यावर ‘एरर’ हा शब्द शोधून पाहिल्याशिवाय छापील प्रत सहीसाठी पाठवू नये.

प्रश्न : मी गंगापूर रोडवरील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. प्रश्नपत्रिकेत ‘प्र. १’ आणि त्याखाली अ, ब, क, ड असे पोटप्रश्न लागतात. वर्डमध्ये अ, ब, क, ड असा क्रम सापडत नाही, आणि आकडेही देवनागरी येत नाहीत.

— एक शिक्षक, नाशिक

उत्तर : देवनागरी आकडे मिळतात. वर्डच्या भाषा-पर्यायांत मराठी किंवा हिंदी ही संपादनाची भाषा म्हणून जोडलेली असली, की ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मधल्या ‘नंबर स्टाइल’च्या यादीत १, २, ३ हा पर्याय दिसतो. त्याच खिडकीतल्या ‘नंबर फॉरमॅट’च्या चौकटीत करड्या आकड्याच्या आधी ‘प्र.’ असे टाइप केले, की प्रत्येक प्रश्नाला ‘प्र. १’, ‘प्र. २’ आपोआप लागते. करडा आकडा मात्र खोडू नये. तो खोडून हाताने १ लिहिला, तर सगळेच प्रश्न ‘प्र. १’ होतात.

अ, ब, क, ड हा आपल्या शाळांमधला क्रम वर्डमध्ये नाही. तिथे अ, आ, इ आणि क, ख, ग असे पर्याय आहेत आणि शब्दांत हवे असेल तर ‘एक, दो, तीन’, म्हणजे हिंदीच. एका प्रश्नात चार-पाचच पोटप्रश्न असतात आणि त्यांचा क्रम फारसा बदलत नाही, त्यामुळे इथे अक्षरे हाताने लिहावीत असे माझे मत आहे. फक्त त्यासाठी एक वेगळी स्टाइल करून तिला ‘हँगिंग’ समास द्यावा आणि अक्षरानंतर स्पेसऐवजी टॅब द्यावा, म्हणजे दुसऱ्या ओळीचा मजकूर अक्षराखाली न घसरता पहिल्या ओळीच्या मजकुराखालीच येतो. पोटप्रश्नांना आकडे चालणार असतील, तर ते पातळी २ वर घ्यावेत. ‘रीस्टार्ट लिस्ट आफ्टर’समोर ‘लेव्हल १’ असले की प्रत्येक नव्या प्रश्नाखाली ते १ पासून सुरू होतात.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यायची असते. इतिवृत्त लिहिताना ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिले की वर्ड लगेच त्याची यादी करते. दुसरे म्हणजे, एका ठरावाखाली दोन परिच्छेद असतील, तर दुसऱ्यालाही नवा क्रमांक लागतो.

— सचिव, इंदिरानगर

उत्तर : यादी झाल्या क्षणी कंट्रोल-झेड एकदा दाबा, फक्त ते रूपांतर मागे जाते, टाइप केलेला आकडा तसाच राहतो. ही सोय कायमची बंद करायची असेल, तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’, ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ या वाटेने जाऊन ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावर ‘ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स’समोरची खूण काढावी. ज्यांचे काम ठराव आणि इतिवृत्तांचे आहे, त्यांनी ती जरूर काढावी, कारण ही सोय तयार करत असलेल्या याद्या सुट्या असतात आणि वर सांगितलेल्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

ठरावाच्या दुसऱ्या परिच्छेदाला ‘लिस्ट कंटिन्यू’ ही वर्डमध्ये आधीपासूनच असलेली स्टाइल द्यावी. समास ठरावाच्या मजकुराशी जुळतो आणि क्रमांक लागत नाही. शिफ्ट-एंटरनेही ओळ तोडता येते, पण दोन्ही कडा समान राखल्या असतील तर तोडलेल्या ओळीतले शब्द विचित्र ताणले जातात, आणि इतिवृत्ताच्या नोंदवहीत चिकटवायच्या कागदावर ते बरे दिसत नाही. ठरावांचे क्रमांक मागच्या सभेपासून पुढे चालू ठेवायचे असतील, तर पहिल्या ठरावाच्या आकड्यावर राइट-क्लिक करून ‘सेट नंबरिंग व्हॅल्यू’मध्ये सुरुवातीचा आकडा द्यावा.

प्रश्न : २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी आमच्या संस्थेने काढलेली स्मरणिका कृतिदेव फाँटमध्ये होती. ती आता युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक क्रमांकापुढे टिंबाऐवजी अर्धा ‘ण्’ येतो आहे. शेकडो जागी हे खोडत बसावे लागेल काय?

— एक वाचक, पंचवटी

उत्तर : खोडत बसू नका. कृतिदेवमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात; त्यात टिंबाच्या कळीवर ‘ण्’ असतो. टिंब वेगळ्याच कळीवर आहे. आपल्या जुन्या फाइलमध्ये मजकूर कृतिदेवमध्ये आणि आपोआप आलेले आकडे बहुधा एखाद्या इंग्रजी फाँटमध्ये असतील, म्हणून कागदावर टिंब टिंबच दिसत होते. मजकूर नकलून परिवर्तकात, म्हणजे कृतिदेवचा युनिकोड करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकला, की आकडे आणि त्यांची टिंबे साधी अक्षरे होऊन सोबत जातात, आणि परिवर्तक त्यांनाही कृतिदेव समजून ‘ण्’ करतो.

म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी फाइलच्या प्रतीतून सगळे आपोआप आलेले क्रमांक काढावेत, मग मजकूर परिवर्तित करावा, आणि युनिकोड मजकुराला स्टाइलद्वारे नव्याने क्रमांक द्यावेत. कुठे क्रमांक होते हे विसरायला नको, म्हणून जुन्या स्मरणिकेची छापील प्रत शेजारी असू द्यावी. परिवर्तन न करताही हाच ‘ण्’ दिसत असेल, तर कारण निराळे आहे : यादीतला आकडा परिच्छेदाच्या शेवटच्या अदृश्य खुणेचा फाँट घेतो. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबल्यावर ती खूण दिसू लागते. तेवढ्याच खुणेचा फाँट बदलला किंवा ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मधल्या ‘फाँट’ बटणातून आकड्याचा फाँट ठरवून दिला, की टिंब परत येते. मजकूर साधा असताना आकडाच ठळक किंवा लाल दिसतो, तेव्हाही दोष याच खुणेत असतो.

प्रश्न : माझ्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणातले विभाग ३.१ ऐवजी २.७, २.८ असे पुढे चालू राहतात.

— पदव्युत्तर विद्यार्थिनी, म्हसरूळ

उत्तर : तिसऱ्या प्रकरणाचे शीर्षक आपण अक्षरे मोठी व ठळक करून हाताने केलेले असणार. त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या. ती मिळेपर्यंत वर्डच्या दृष्टीने तिसरे प्रकरण सुरूच झालेले नाही.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात लिब्रेऑफिस वापरतात. कार्यपद्धतीची कागदपत्रे ग्राहक वर्डमध्ये उघडतात तेव्हा क्रमांक आणि समास हलतात.

— गुणवत्ता विभागातील एक कर्मचारी

उत्तर : लिब्रेऑफिसच्या रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्येही मार्ग स्टाइलचाच आहे. एफ-११ दाबून स्टाइल्सची पट्टी उघडा, एक ‘लिस्ट स्टाइल’ तयार करा, आणि परिच्छेदाच्या स्टाइलमधल्या ‘आउटलाइन अँड लिस्ट’ पानावर ती जोडून द्या. क्रमांकाखालच्या बिनक्रमांकाच्या परिच्छेदासाठी ‘इन्सर्ट अननंबर्ड एंट्री’ वापरा. बॅकस्पेसने आकडा खोडू नका. ग्राहकाला कागदपत्र फक्त वाचायचे असेल तर पीडीएफ पाठवा. त्याने त्यात भर घालायची असेल, तर पाठवण्यापूर्वी ती फाइल वर्डच्या स्वरूपात जतन करून बंद करा, पुन्हा उघडा आणि क्रमांक वरपासून खालपर्यंत तपासा, कारण रूपांतरात काही हलले असेल तर ते पुष्कळदा तिथेच दिसते आणि ग्राहकाच्या हाती जाण्यापूर्वी दुरुस्त करता येते.