पोरांना नागपूरचा वाघ दाखवायचा का?

चि. पोरी,
सप्रेम आशीर्वाद.

शाळेच्या पोरांना एस्टीने नागपूरला प्राणी पाहायला न्यायचं कसं, आणि मुळात न्यावं का, असं दोन्ही तू एकाच पत्रात विचारलंस. तुझी शहरातली मैत्रीण म्हणते, प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, तिकीट काढून पाप विकत घेऊ नको. तिचं मन चांगलं आहे, तिला वेड्यात काढू नको. पण आपल्या झाडीपट्टीतल्या, पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न तिच्यासारखा पडत नाही. त्याकडे येतो. आधी गाडीचं.

सकाळची पहिली गाडी धर. भिवापूर, उमरेड करत ती गणेशपेठच्या मोठ्या स्टँडवर जाते. नागभीडची छोटी रेल्वे असती तर पोरांना तिचंच जास्त अप्रूप वाटलं असतं, पण ती २०१९ मध्ये मोठ्या लाइनीच्या कामासाठी बंद झाली. शाळेच्या सहलीला एस्टीत सवलत मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात आधीच जाऊन ये, आदल्या दिवशी नको. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा दोन-चार आयांना सोबत घे. पोरं सांभाळायला त्यांच्यासारखं कोणी नाही, आणि त्यांनाही घराबाहेर पडायला निमित्त हवंच असतं. सोमवार सोडून जा. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय बंद ठेवायचा नियमच आहे, आणि नागपुरात तो वार सोमवार.

नागपुरात प्राणी पाहायला दोन जागा, महाराजबाग आणि गोरेवाडा. महाराजबाग सोपी. सीताबर्डीपर्यंत सिटी बस, पुढे पायी. गोरेवाडा शहराच्या दुसऱ्या टोकाला, काटोल रोडवर. मोरभवनच्या स्टँडवर सिटी बसची चौकशी कर, नाहीतर काटोलच्या एस्टीच्या कंडक्टरला चढण्याआधीच विचार की गेटजवळ उतरवाल का. एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नको, पोरं रडकुंडीला येतात आणि प्राणी कोणालाच धड दिसत नाही. मला विचारशील तर गोरेवाडा. महाराजबाग भोसल्यांच्या वेळची बाग, १८९४ पासूनचं संग्रहालय, कृषी विद्यापीठाकडे आहे. झाडी छान, पण जागा जुन्या काळाच्या हिशेबाची. गोरेवाड्याची सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. तिथे वाघ, बिबट, अस्वलं मोठ्या कुंपणात मोकळी असतात आणि आपण बसमधून फिरतो. वाघ दिसेलच असं पोरांना कबूल करू नको.

आता पापाचं. तुझ्या मैत्रिणीला वाटतं, वाघ जंगलात सुखात होता आणि माणसांनी करमणुकीसाठी धरून आणला. पूर्वी तसं चालायचं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला प्राणिसंग्रहालयांचं प्रकरण आलं, १९९२ ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण झालं, आणि मनाला येईल तसा प्राणी आणून पिंजरा भरण्याचे दिवस सरले. मग वाघ येतात कुठून? आपल्या धानाच्या बांध्यांतून, पोरी. मोहफूल वेचायला गेलेली बाई वाघाने मारली, गावाने रस्ता अडवला, वनखात्याने बेशुद्ध करून वाघ उचलला, की त्याची गाडी बहुधा गोरेवाड्याच्या बचाव केंद्राकडे वळते. ते केंद्र पाहुण्यांसाठी उघडं नसतं, पण आहे त्याच आवारात. म्हणजे आपलं भांडण शहराने ठेवून घेतलंय. वाघ गावाजवळून न्या, असं आपणच ओरडतो.

‘परत सोडा की’ असं म्हणणं सोपं आहे. पांढरकवड्याकडची अवनी वाघीण २०१८ मध्ये मारली, तिची बछडी वनखात्याने पकडून पेंचमध्ये कुंपणात वाढवली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडलं, तर काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झुंज होऊन ती जखमी झाली आणि गोरेवाड्यात मेली. चंद्रपूरच्या जंगलात २०१२ मध्ये शिकाऱ्यांच्या सापळ्यात पंजा गेलेला साहेबराव वाघ तर सोडण्यासारखाही नव्हता. २०२० मध्ये डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पाय बसवला, तो त्याने काढून टाकला. आणि ठेवून घेतलं म्हणजे जीव वाचलाच असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले. ते वाघ आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून नेलेले होते. तिथे मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरतं: कोंडलेल्या जिवाची सारी जबाबदारी कोंडणाऱ्यावर.

म्हणून मी पोरांना वाघाआधी जमीन पाहायला लावीन. कुंपणाच्या कडेने एकच पट्टा गवत नसलेला, पायांनी घट्ट झालेला दिसला, वाघ त्यावरूनच फिरतोय, वळतोय, पुन्हा तसाच फिरतोय, तर तो कंटाळलेला आहे. मग सावली, पाणी, आड बसायला जागा आहे का पाहा. रखवालदाराला विचारा: हा कुठून आला? पाटीवर शास्त्रीय नाव असतं, ही गोष्ट नसते. बहुतेक रखवालदार आनंदाने सांगतात. कोणी दगड मारला, शेंगदाणे टाकले, तर पोरांनीच टोकावं. चिडवणं आणि खाऊ घालणं दोन्ही कायद्याने बंद आहे.

एक सांभाळ. तुझ्या वर्गात वाघाने घरचं माणूस नेलेलं पोरगं असलं, तर त्याच्यासमोर ‘बिचारा वाघ’ म्हणू नको, बाकीच्यांनाही म्हणू देऊ नको. त्याला न्यायचं की नाही हे तू ठरवू नको. घरी जा, घरच्यांना विचार, ते नाही म्हणाले तर आग्रह करू नको. त्या दिवशी त्याला एकटं शाळेत बसवून जाऊ नको एवढंच, दुसऱ्या गुरुजींकडे सोय लाव.

तुझे,
गुरुजी