कळप आणि मेंढवाडा

प्रश्न असा आहे: 'पाद्री हा पास्टरचाच अपभ्रंश ना? आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना "ख्रिस्ताचे कळप" म्हटलेले चालेल का?'

पहिल्याचे उत्तर नाही. पाद्री पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला, त्याचा अर्थ बाप. पास्टर लॅटिन, त्याचा अर्थ मेंढपाळ. आपल्याकडची प्रोटेस्टंट मंडळी त्यालाच पाळक म्हणतात. कॅथलिकांचे ते फादर. तरी बातम्यांत दिसेल त्या ख्रिस्ती धर्मगुरूला 'पाद्री' चिकटवतात. ऐकून ऐकून कान किटले.

आता 'कळप'. त्याचे अनेकवचन इथे साफ चूक आहे, आणि का ते मूळ ग्रीक पाहिले की लख्ख दिसते. योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात ख्रिस्त म्हणतो की या मेंढवाड्यातली नव्हेत अशीही माझी मेंढरे आहेत. तिथे शब्द आहे 'आउले', म्हणजे दार असलेले बंदिस्त आवार. पण पुढे 'एक कळप, एक मेंढपाळ' म्हणताना 'आउले' नाही, 'पोइम्ने' येतो. आणि मेंढपाळ कोण? 'पोइमेन'. पोइम्ने, पोइमेन! राखलेले आणि राखणारा, दोन्ही एकाच मुळातले. संस्कृतातला 'पा' धातू, 'गोप'मध्ये आहे तो, याच घराण्यातला. कळपाला नाव कुंपणावरून पडले नाही, मेंढरांवरूनही नाही, राखणाऱ्यावरून पडले. या एका जोडीसाठी मी ग्रीक लिपी शिकलो.

संत जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर करताना दोन्ही जागी 'ओविले' घातला, म्हणजे मेंढवाडा. (त्यातला 'ओविस' म्हणजे संस्कृत 'अवि', मेंढी.) 'ओविले'चा अर्थ लक्षणेने कळपही होतो, असे त्याची बाजू घेणारे पंडित सांगतात. मला हे मुळीच मान्य नाही. मूळ लेखकाने एकाच वचनात दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले असताना भाषांतरकाराने ते एक का करावेत? १३०२ साली पोप आठवे बोनिफेस यांनी 'उनाम सांक्ताम' या फर्मानात हाच 'एक मेंढवाडा' पुढे केला: ग्रीक ख्रिस्ती स्वतःला पेत्राच्या (पोप ज्याचे वारस मानले जातात त्या प्रेषिताच्या) हवाली मानत नसतील, तर ते ख्रिस्ताची मेंढरेच नव्हेत. एवढा मोठा निवाडा, आणि त्याला आधार भाषांतरात बदललेल्या शब्दाचा.

ल्यूथरने १५२२ मध्ये 'हेर्डे' आणि 'हिर्टे' लिहून कळप-राखणदाराची सख्खी जोडी जर्मनमध्ये परत आणली. टिंडलनेही इंग्रजीत कळपच ठेवला होता. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात मात्र पुन्हा मेंढवाडा शिरला, तो १८८१ च्या सुधारित आवृत्तीत निघाला. १९७९ मध्ये रोमनेही आपल्या नव्या लॅटिन पाठात 'ग्रेक्स', म्हणजे कळप, घेतला.

आपला धनगर रात्री मेंढरांभोवती वाघूर लावतो आणि सकाळी ती जाळी गुंडाळून पुढच्या शिवाराकडे निघतो. वाघूर आज या शेतात, उद्या त्या शेतात. कळप तोच. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्याबद्दल 'सहा कळप एक झाले' असे लिहू नका. सहा मेंढवाडे लिहा.