डिंगी उतरवाच, पण त्याआधी पॉलिसी परत करा

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 41, तुयेच्या एका कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 38,000, पत्नी घरी, दोन मुलं शाळेत. त्यांनी कारवारला 22 फुटांची जुनी फायबर बोट घेतली. ट्रेलर, साठ हॉर्सपॉवरचं ओबीएम (मागे बाहेरून बसवायचं इंजिन) आणि मागच्या लोखंडी हातांवर टांगलेली आठ फुटी डिंगी, म्हणजे छोटी होडी, धरून 9 लाखांना. त्यासाठी 3 लाखांची मुदत ठेव मोडली आणि 6 लाखांचं व्यक्तिगत कर्ज काढलं, 13 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. दसऱ्याला मित्राच्या पिकअपला ट्रेलर जोडून बोट शापोऱ्याला आणायची आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं, असा बेत आहे. ते विचारतात: "डिंगी आहे तशीच मागे ठेवून आणली तर चालेल का? उतरवून वेगळ्या टेंपोने आणायला 6,000 आणि परत बसवायला 2,000 लागतील. कर्जाबरोबरच बोटीचा विमा काढलाय, 60,000 चा पहिला हप्ताही भरला, म्हणजे वाटेत काही झालं तर भरपाई मिळेलच ना?" सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

डिंगीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. नाही, तशी आणू नका. ते हात पाण्यावर डिंगी उचलून धरण्यासाठी असतात. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात बसणारा हिसका झेलण्यासाठी ते केलेले नसतात. दुसरी गोष्ट वजनाची. बोट आणि ट्रेलर मिळून 1,600 किलो धरा. त्यातला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 160 किलो, पुढे पिकअपच्या हुकवर पडायला हवा. डिंगी आणि तिचं छोटं इंजिन 80 किलो. ते चाकांच्या मागे पावणेतीन मीटरवर लोंबतं आणि हुक चाकांच्या पुढे पाच मीटरवर आहे, म्हणजे हुकवरचा भार 45 किलोंनी हलका होतो. उरले 115. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो, आणि तुमच्या वाटेत काणकोणचा करमल घाट आहे. त्यात परतीचा पाऊस आला आणि उघड्या डिंगीत चार बोटं पाणी साचलं की आणखी शंभर किलो वाढतात. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपलीकडे गाडीबाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्यात 20,000 चा दंड आहे. मागे लाल फडकं बांधून तो चुकत नाही.

पण 8,000 खर्चायचीही गरज नाही. ओढणारी गाडी पिकअप आहे. आठ फुटांची डिंगी तिच्या हौद्यात उपडी बसेल. तिच्या इंजिनातलं पेट्रोल काढा, इंजिन शेजारी नीट आडवं बांधा, दोन माणसांना चहापाण्याचे पैसे द्या. दोन तासांचं काम आहे.

आता पॉलिसीबद्दल. तुम्ही पाठवलेलं पान मी तीनदा वाचलं. त्यावर बोटीचा उल्लेख कुठेही नाही. ती तुमच्या जिवाची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र, आहे: विमा रक्कम 6 लाख, मुदत 15 वर्षं, दर वर्षी 60,000, शेवटी 14 लाख. कर्जाच्या टेबलावर बसून कुणीतरी तुम्हाला सांगितलं की हाच बोटीचा विमा, आणि तुम्ही कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्यात. मला याचा संताप येतो. माणूस आयुष्याची ठेव मोडून धंदा उभा करत असतो, आणि त्याच दिवशी त्याच्या दीड महिन्याचा पगार अशा जागी वळवला जातो जिथे त्याला काडीचा उपयोग नाही. आज तुमची बोट जेटीवर जळाली, घाटात उलटली किंवा चोरीला गेली, तर या पॉलिसीतून एक रुपया येणार नाही.

जिवाचा विमा म्हणून तरी ती बरी आहे का? तुमचं काही बरंवाईट झालं तर 6 लाख मिळतील आणि ते जवळजवळ सगळे कर्जातच जातील. पत्नी आणि मुलांसाठी काय उरलं? बचत म्हणून पाहायचं तर 15 वर्षांत 9 लाख भरून 14 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के. एका हाताने 13 टक्क्यांनी उसने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने सव्वापाच टक्क्यांनी ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

तुमच्या पत्रात एक ओळ मात्र फार मोलाची आहे: पॉलिसीचं पाकीट चवथीच्या आधी, 5 सप्टेंबरला घरी आलं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती कारण न सांगता परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. आज 24 तारीख आहे. म्हणजे तुमच्याकडे दहा दिवस आहेत, आणि त्यानंतर हीच पॉलिसी मोडायला गेलात तर पहिल्या हप्त्यातला बहुतेक पैसा बुडाला असं समजा.

उद्या रजा टाका. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, मूळ पॉलिसी जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवरही पाठवा. बँकेतून फोन येईल, "कर्जाला अडचण येईल" म्हणतील. येत नाही. अमुक कंपनीचीच पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, आणि तुमचं कर्ज तर मिळूनही गेलं. अडवाअडवी झाली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत.

आता पंधरा लाखांचं बोलू. "रोज 4,000 चा गल्ला, वर्षाला पंधरा लाखांना मरण नाही" असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही 365 ने गुणलंय. जून ते सप्टेंबर समुद्र तुम्हाला बोट घालू देणार नाही. उरलेल्या 240 दिवसांत शनिवार-रविवार, नाताळ, सुट्ट्या धरून चांगले दिवस 130 निघाले तरी नशीब. 4,000 तून पेट्रोलचे 1,200 आणि तांडेल-खलाशाचे 1,200 गेले, कारण तुम्ही स्वतः कारखान्यात असाल. उरले 1,600. वर्षाचे दोन लाख. इंजिनाची देखभाल, रंग, परवाने यांना 40,000 द्या. राहिले 1 लाख 68 हजार. कर्जाचा हप्ता महिना 13,650, म्हणजे वर्षाला 1 लाख 64 हजार. पहिली पाच वर्षं बोट स्वतःचा हप्ता फेडेल, एवढंच. घरात पैसा आणणार नाही. हे वाईट नाही, पाच वर्षांनी बोट तुमची असेल. पण त्या उत्पन्नाच्या भरवशावर आणखी एकही हप्ता अंगावर घेऊ नका.

मग परत येणारे साठेक हजार असे लावा. 15,000 च्या आसपास 50 लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जिवाचा विमा, पत्नीच्या नावे वारसनोंद करून. 20,000 बोटीच्या खऱ्या विम्याला, म्हणजे मरीन हल (खुद्द बोटीच्या नुकसानीचा) आणि प्रवाशांची जबाबदारी. दोन-तीन कंपन्यांकडून दर मागवा. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 प्रमाणे यांत्रिक नौकेला विमा लागतोच, आणि बंदर कप्तान खात्याची नोंदणी-तपासणी झाल्याशिवाय एकही पर्यटक बसवू नका. बाकीचे तुमच्या खात्यातल्या 40,000 त मिळवून वेगळे ठेवा. पावसाळ्याचे चार हप्तेच 55,000 होतात.

कारवार ते शापोरा या एका फेरीसाठी स्वतंत्र ट्रान्झिट विमा घ्या. पिकअपच्या मोटार विम्यात तुमची बोट येत नाही. ट्रान्झिट पॉलिसीत माल नीट बांधलेला नसल्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, म्हणून लोंबणाऱ्या डिंगीचा दावा तिथेही टिकला नसता. आणि ट्रेलर. तो गावातल्या फॅब्रिकेटरने बनवलाय आणि नंबर प्लेट नाही, असं तुम्ही सहज लिहून गेलात. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा नसलेल्या ट्रेलरमुळे एखादा स्कूटरवाला गेला, तर भरपाई तुमच्यावर आणि तुमच्या मित्रावर येईल, आणि मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. त्यापेक्षा नोंदणी असलेला ट्रेलर किंवा सपाट ट्रक भाड्याने घ्या. डिंगीवर वाचवलेले 8,000 तिथे घाला.

हे कागद हातात येईपर्यंत बोट कारवारलाच राहू द्या. दसऱ्याचा मुहूर्त चुकला तरी दिवाळी आहे, आणि शापोऱ्याला पर्यटकांची खरी गर्दी डिसेंबरातच होते.